मीठ फडक्यावर राहत नाही

मालवणच्या धक्क्यावरून निघालेली होडी थोड्याच वेळात सिंधुदुर्गाच्या तटाखाली येते. महाद्वार दोन बुरुजांच्या वळणात असं दडवलेलं आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत वाट दिसत नाही. आत शिरलं की शिवराजेश्वराचं मंदिर, शिवाजीमहाराजांच्या हातापायाचे म्हणून दाखवले जाणारे चुन्यातले ठसे, आणि मग विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. तिन्ही गोड्या पाण्याच्या. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचा पाया घातला गेला, आणि आजही काही घरं तटाच्या आत नांदती आहेत. पाणी नसतं तर यातलं काहीच उभं राहिलं नसतं.

चारी बाजूंना खारं पाणी आणि मधोमध पिण्याजोगं, हे पाहून माणूस थबकतोच. मग बरोबरचं कुणीतरी खुलासा करतं: समुद्राचं पाणी खडकातून गाळून आत येतं, म्हणून ते गोडं लागतं. सहलीच्या मुलांना हेच सांगितलं जातं, होडीत शेजारी बसलेला पाहुणा हेच सांगतो. ऐकायला ते पटण्याजोगं आहे. पण ते खरं नाही, आणि का खरं नाही हे समजून घेणं मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे.

गाळणं म्हणजे भोकापेक्षा मोठं ते अडवणं आणि लहान ते जाऊ देणं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, पण ते कणांच्या रूपात तरंगत नसतं. ते विरघळलेलं असतं. त्याचे सोडियम आणि क्लोरीनचे सुटे सुटे आयन पाण्याच्या रेणूंच्या गराड्यात फिरत असतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन, आणि हे आयन त्या एका मायक्रॉनच्याही हजाराव्या भागाहून लहान. चिवल्याच्या किनाऱ्यावरून तांब्याभर पाणी आणा. ते चारपदरी फडक्यातून गाळा, मग वाळूतून, मग घरच्या कॅन्डलच्या फिल्टरमधून. गढूळपणा जाईल, पाणी काचेसारखं दिसेल आणि जिभेला पहिल्याइतकंच खारट लागेल. जांभ्यातून घाला, काळ्या कातळातून घाला, मैलभर वाळूतून घाला, मीठ त्या सगळ्यातून पार होतं.

मग साखरबावेतलं पाणी गोडं कशामुळे? वरून येणाऱ्या पावसामुळे. बेटावर पडलेला पाऊस मातीत आणि खडकाच्या फटींत मुरतो. खाली सगळीकडून समुद्राचं पाणी भरलेलंच असतं. पण खारं पाणी जड आणि पावसाचं हलकं, म्हणून हे गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. फटींत आणि कणांमध्ये अडकल्यामुळे दोघांना सहजी मिसळता येत नाही. नेदरलँड्समधल्या बाडोन गायबेन या लष्करी अभियंत्याने १८८०च्या दशकाच्या अखेरीस, आणि जर्मनीतल्या हेर्त्सबेर्गने १९०१ साली, याचा हिशेब मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर समुद्रसपाटीखाली साधारण चाळीस फूट खोलीपर्यंत गोडं पाणी असतं. जगभरच्या बेटांवरच्या विहिरी या हिशेबावर चालतात. शिवाजीमहाराजांच्या माणसांना हा आकडा ठाऊक असण्याचं कारण नाही, पण बेट निवडताना त्यावर पाणी आहे का हे त्यांनी पाहिलं असणार, यात मला शंका वाटत नाही.

हा हिशेब उलटाही चालतो. विहिरीतून भसाभस उपसा करून गोड्या पाण्याची पातळी एक फुटाने खाली आणली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकतं. किनाऱ्यावरच्या विहिरी एप्रिल-मे महिन्यात मचूळ का होतात, याचं उत्तर इथे आहे.

पाण्यातून मीठ वेगळं करायचं तर काय लागतं, हे वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला विचारावं. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात या गावाच्या मिठागराचं नाव महाराष्ट्रभर झालं. तिथे कुणी फडकं धरून बसत नाही. खारं पाणी उथळ वाफ्यांत घेतात, उन्हाने पाणी उडून जातं, मीठ तळाशी उरतं. मीठ आणि पाणी यांची ताटातूट करायला ऊर्जा लागते. शिरोड्याला ती सूर्याकडून फुकट मिळते, खारं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राला ती विजेकडून विकत घ्यावी लागते.

फडक्याचं खरं कौशल्य पाहायचं तर स्वयंपाकघरात यावं. सोलकढी करायची असते. आडाळ्यावर नारळ खवला जातो, लसूण-मिरची घालून वाटला जातो, त्यावर कोमट पाणी पडतं आणि तो सगळा गोळा सुती पंचात घालून पिळला जातो. मुठीच्या दाबाखाली पंचाच्या विणीतून पांढरा दाट रस झिरपतो. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसरा, पातळ रस निघतो. तारेच्या चाळणीने हे काम होत नाही. तिच्यातून बारीक चोथा सुटतो आणि कढी जिभेवर खरखरीत लागते. उलट वीण फारच घट्ट असलेलं नवं कोरं कापड घेतलं, तर रस आतच तुंबतो. म्हणून धुऊन धुऊन मऊ झालेला पण न विरलेला पंचा लागतो. "ह्यो इरलो गो, दुसरो घे," हे सासूबाईंचं वाक्य मालवणी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. नारळाच्या रसातले तेलाचे थेंब काही मायक्रॉनांचे असतात, ते विणीतून निघून जातात आणि पाण्याला पांढरेपणा देतात. तंतू मागे राहतात. मग त्यात आगळ पडतं. आगळही गाळूनच झालेलं असतं: पिकलेल्या रातांब्यांची सालं मिठात मुरवायची, सुटलेला रस काढायचा, गाळून बाटलीत भरायचा. सालं फडक्यात राहतात, मीठ मात्र रसाबरोबर बाटलीत उतरतं. स्वयंपाकघरातसुद्धा नियम तोच आहे.

तांदूळ धुऊन निथळायला रोवळी, भाताची पेज काढायला वेळणी, पिठाला चाळण. प्रत्येकीचं भोक वेगळं, कारण प्रत्येकीने अडवायचं ते वेगळं. हे ज्ञान आपल्या घरांत इतकं मुरलेलं आहे, की पाण्याच्या बाबतीत मात्र आपण 'गाळलेलं म्हणजे चांगलं' एवढ्यावर थांबतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

हंड्याच्या तोंडावर जुनं फडकं बांधून पाणी गाळायची आपली पद्धत किती मोलाची, हे नारूने दाखवून दिलं. महाराष्ट्र हे नारूच्या राज्यांपैकी एक होतं. ज्यांच्या लहानपणी तो गावात होता ती माणसं अजून आहेत. पायाला फोड यायचा, त्यातून दोऱ्यासारखा पांढरा जंत डोकं काढायचा आणि तो काडीवर गुंडाळत दिवसाला थोडा थोडा ओढावा लागायचा. पूर्ण वाढलेला जंत हाताहून लांब असतो. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला, फोड पाण्यात बुडाला की जंताची पिल्लं पाण्यात सुटत. ती सायक्लॉप्स नावाच्या पाणपिसवेच्या पोटात जात, आणि ते पाणी प्यायलेल्या माणसाच्या पोटात वर्षभर वाढत. नारूवर लस नव्हती, औषध नव्हतं. पण सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा, साध्या दुहेरी फडक्यात सहज अडकणारा. १९८३-८४मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून वरून पाणी शेंदायच्या विहिरी केल्या, पाण्यात सायक्लॉप्स मारायचं औषध टाकलं आणि घरोघरी पाणी गाळायला लावलं. जुलै १९९६मध्ये राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कापडाच्या तुकड्याने एक रोग देशातून घालवला, असं म्हणण्याइतका त्या कापडाचा वाटा मोठा आहे.

पटकीच्या बाबतीत गोष्ट अधिक नवलाची. पटकीचा जंतू मायक्रॉन-दीड मायक्रॉनचा, फडक्याच्या भोकातून आरामात जाणारा. तरीही रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी घटले. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. जंतू एकटे फिरत नाहीत, पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांच्या अंगाला चिकटून राहतात. ते प्राणी अडले की जंतूंचा मोठा भार तिथेच अडतो. आणि नव्या साडीपेक्षा जुनी साडी सरस ठरली, कारण वापरून वापरून तिचे धागे पिंजले जातात आणि भोकं साधारण २० मायक्रॉनपर्यंत आक्रसतात.

निम्मे रोगी कमी झाले म्हणजे निम्मे राहिले, हेही विसरून चालणार नाही. फडक्याची ताकद तिथे संपते.

फडक्याच्या पुढची पायरी चिनी मातीच्या कॅन्डलची. १८८४ साली पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलां याने न झिलईच्या मातीच्या नळीतून जंतू अडवणारा फिल्टर केला. त्या फिल्टरने विज्ञानाला एक अनपेक्षित देणगी दिली. १८९२मध्ये रशियात इव्हानोव्स्कीने रोगट तंबाखूच्या पानांचा रस त्यातून गाळला. सगळे जंतू अडायला हवे होते, तरी गाळलेल्या रसाने निरोगी पानांना रोग लागला. काहीतरी निसटत होतं. विषाणूंचा शोध लागला तो असा. आजही बाजारातली कॅन्डल जंतू अडवते. विषाणूंची खात्री ती देत नाही. म्हणून कावीळ आलेल्या गावात फिल्टरवर विसंबू नये, पाणी उकळावंच.

वाळूची तऱ्हा निराळी. वाळूच्या कणांमधल्या जागा जंतूच्या मानाने दरवाजाएवढ्या असतात. नुसत्या भोकाच्या हिशेबाने वाळू काहीच अडवू नये. पण पाणी वाळूतून सावकाश जातं तेव्हा ते हजारो वळणं घेतं, प्रत्येक वळणावर कण वाळूला टेकतो आणि चिकटतो. शिवाय वाळूच्या वरच्या थरावर काही आठवड्यांत जिवाणू-शेवाळाचा बुळबुळीत पापुद्रा धरतो, तो येणारे जंतू खातो. लंडनमध्ये जेम्स सिम्प्सनने १८२९ साली थेम्सचं पाणी असं वाळूतून द्यायला सुरुवात केली. १८९२मध्ये जर्मनीत याची परीक्षाच झाली. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एकमेकांना खेटलेली शहरं, दोघांचं पाणी एल्ब नदीचं. आल्टोना ते वाळूतून गाळून देत होतं, हॅम्बुर्ग तसंच देत होतं. पटकी आली. हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांहून अधिक माणसं गेली. आल्टोना जवळजवळ वाचलं, आणि काही ठिकाणी तर रस्त्याच्या एका बाजूला मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला काही नाही, असं चित्र होतं.

आल्टोनाने बांधून काढलं ते आपल्या किनाऱ्याला आयतं मिळालेलं आहे. तारकर्लीहून देवबागला जाताना एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी दिसते. मधल्या वाळूच्या अरुंद पट्टीवर माड, घरं आणि विहिरी. पावसाळ्यात वाळू पाणी पिते, गाळते आणि कुरट्यासारखंच खाऱ्या पाण्यावर धरून ठेवते. वाळूच्या टेकाडांवर मर्यादवेल आणि उंडी असतात तोवर ती टेकाडं जागेवर राहतात. ती सपाट करून त्यावर फरशी घातली, की पाऊस मुरायची जागा गेली. पाठोपाठ विहिरीत मोठा पंप बसला, की खालून मीठ वर आलं. पर्यटनाने देवबाग-तारकर्लीच्या अनेक घरांत चूल पेटती ठेवली, हे मी नाकारत नाही. पण त्या पर्यटकाला आंघोळीला लागणारं पाणीसुद्धा याच पट्टीने गाळलेलं आणि धरलेलं आहे. ज्या खोलीच्या भाड्यावर घर चालतं ती खोली पाण्याविना भाड्याने जाणार नाही.

किनाऱ्यापासून आत वळलं की सडे सुरू होतात. मे महिन्यात काळा, तापलेला, उघडा दगड. जुलैत त्यावर हिरवी साय आणि फुलं. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर प्राचीन माणसाने चित्रं कोरून ठेवली आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर कुडोपीचं नाव २०२२मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलं. सरकारी कागदावर मात्र सडा म्हणजे पुष्कळदा पडीक जमीन.

या पडीक जमिनीचं काम पाहा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वरचा जांभा कठीण, पण फटी आणि पोकळ्यांनी भरलेला. त्याखालचा थर मऊ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. त्याच्याही खाली चिकट माती, पाण्याला जाऊ न देणारी. सड्यावरचं पाणी फटींतून उतरतं, वाटेत गाळ मागे ठेवतं, चिकट मातीवर अडतं आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. वाड्या, देवळं, माड-पोफळीच्या बागा याच पायथ्यांना धरून वसलेल्या आहेत. या पाण्यात क्षार कमी असतात, म्हणून डाळ लवकर शिजते आणि साबणाला फेस भरपूर येतो.

जांभ्याचा एक दोषही सांगायला हवा. त्याच्या पोकळ्या मोठ्या, कधी कधी तर सरळ नळीसारख्या लांब. वाळू जे सावकाशीने करते ते जांभा करू शकत नाही. पाणी भरभर जातं, जंतूही त्याच्याबरोबर जातात. संडासाचा शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला आणि जवळ असेल, तर मधला जांभा विहिरीला वाचवीलच असं नाही. केरळात जांभ्याच्याच प्रदेशात घरोघरी विहिरी आणि घरोघरी शोषखड्डे आहेत, आणि तिथल्या विहिरींत विष्ठेतले जंतू मोठ्या प्रमाणावर सापडत आले आहेत. सिंधुदुर्गाने हागणदारी संपवण्यात महाराष्ट्राला वाट दाखवली, ते मोठंच काम. आता प्रत्येक नव्या खड्ड्याच्या वेळी विहीर किती दूर आणि उताराच्या कोणत्या अंगाला, हे पाहणं त्याच कामाचा पुढचा भाग आहे. पन्नास फुटांचं अंतर तरी हवं. जांभ्यात त्याहून जास्त ठेवता आलं तर उत्तम.

आणि मग जांभ्याचे चिरे काढणाऱ्या चिरेखाणी. चिऱ्याचं घर उन्हाळ्यात गार असतं, पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. चिरा काढूच नये असं म्हणणं वेडेपणाचं होईल. पूर्वी माणसं हाताने चिरे काढत आणि एका घरापुरता खड्डा पडे. आता चाकाचं कटर दिवसात सड्याचा तुकडाच कापून काढतं आणि चिरे ट्रकने जिल्ह्याबाहेर जातात. चिरा काढला म्हणजे गाळणीचा तेवढा थर काढला. खड्ड्यात पाणी साठतं, ते जमिनीत मुरतंही, असा युक्तिवाद खाणवाले करतात आणि त्यात काही अंशी तथ्य आहे. पण ते पाणी वाटेतला थर टाळून थेट खाली जातं, आणि सोडून दिलेल्या खड्ड्यात पुढे गावाचा कचरा पडायला वेळ लागत नाही. कटरची भुकटी पहिल्या पावसात व्हाळाला लागते आणि व्हाळ लाल होतो. खनिजाच्या खाणीत हेच मोठ्या प्रमाणावर घडतं: जुलै २०२१मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे इथे खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून चिखलासकट लोकांच्या घराशेतांत शिरलं.

हा लाल गाळ शेवटी खाडीत जातो, आणि तिथे त्याला अडवायला कांदळवन उभं असतं. भरतीचं पाणी मुळांच्या जाळीत शिरलं की मंदावतं, मंदावलं की गाळ टाकतं. मालवणच्या समुद्रात पर्यटक पाण्याखाली प्रवाळ पाहायला उतरतात. १९८७ साली इथे २९ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य घोषित झालं. प्रवाळाला स्वच्छ पाणी आणि ऊन लागतं. वर गाळ बसला की ते गुदमरतं. खाडीतली तिवरं तोडून पाण्याखालचं प्रवाळ टिकणार नाही.

कांदळाबद्दल मला विशेष सांगायचं आहे, कारण मीठ गाळता येत नाही हे मी इतका वेळ सांगत आलो आणि कांदळ नेमकं तेच करतं. ज्याच्या मुळांच्या कमानी चिखलात रोवलेल्या दिसतात, तो कांदळ. तो खारं पाणी शोषताना नव्वद टक्क्यांहून अधिक मीठ मुळाशीच अडवतो. पेर शोलांडर या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात अशा झाडांतल्या रसाचा ताण मोजला. तो हवेच्या दाबाच्या तीस ते साठ पट निघाला. पानांतून पाणी उडतं, त्या ओढीने खालचं पाणी मुळाच्या पेशींच्या पडद्यातून खेचलं जातं, मीठ बाहेर राहतं. तिवराची रीत दुसरी: तो बरंचसं मीठ मुळाशी अडवतो आणि जे आत येतं ते पानांतून बाहेर टाकतो. उन्हाच्या वेळी तिवराचं पान चाटून पाहा, खारट लागेल. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बायका होडीतून ही कांदळं दाखवतात. तिथे जरूर जावं.

आपल्या घरातलं आरओ यंत्र हेच करतं, फक्त पडदा प्लॅस्टिकचा आणि ओढीऐवजी पंपाचा रेटा. १९५९च्या सुमाराला कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सुरीराजन या दोघांनी कामाला येईल असा पडदा बनवला आणि खाऱ्या पाण्याचं गोडं करणं व्यवहारात आलं. पण रेटा फुकट मिळत नाही, आणि अडलेलं मीठ वाहून न्यायला पाणीही खर्ची पडतं. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं.

खाडीतली दुसरी गाळणी जिवंत आहे आणि आपण ती आवडीने खातो. कालवं, शिनाणे, तिसऱ्या, खुबे, सगळे पाणी आत ओढतात, कल्ल्यांवरच्या केसांनी त्यातलं अन्न टिपतात आणि निवळ पाणी बाहेर सोडतात. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात एक मोठं कालव अनुकूल परिस्थितीत दिवसाला दोनशे लिटरच्या जवळपास पाणी गाळतं, असं मोजलेलं आहे. २०११नंतरच्या काही वर्षांत केंद्र, राज्य आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी जो जैवविविधतेचा प्रकल्प झाला, त्यात खाड्यांमध्ये कालवं आणि शिनाणे वाढवायचे प्रयोग बायकांच्या गटांनी केले. मात्र कालव जे अडवतं ते स्वतःच्या अंगात ठेवतं. खाडीत सांडपाणी सोडलं तर त्यातले जंतू कालवाच्या वाटे ताटात येतात. खाडी स्वच्छ असेल तरच हा धंदा उभा राहील.

त्याच प्रकल्पात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाला चौकोनी आसाची, म्हणजे चौकोनी भोकांची, पिशवी लावण्याचाही प्रयत्न झाला. जाळंही गाळणीच आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो आणि बोटाएवढी पिल्लंही आत अडकतात. चौकोनी आस ताणाखाली उघडा राहतो, पिल्लं निसटतात आणि पुढच्या हंगामाला मासळी होतात.  आस केवढा ठेवायचा, यावर या किनाऱ्याची मासळी बरीचशी ठरते.

आता घरातल्या पाण्याचं. सड्याच्या पायथ्याची विहीर असेल तर तिच्या पाण्यात क्षार आधीच कमी आहेत. त्याला आरओ लावणं म्हणजे चांगलं पाणी मोरीत ओतणं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमच्या खाली असतील तिथे आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये सांगितलं ते बरोबरच आहे. टीडीएस दाखवणारं पेनाएवढं यंत्र काही शे रुपयांत मिळतं, चार घरांत मिळून एक घेता येईल. अशा विहिरीचा खरा धोका जंतूंचा. त्यासाठी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने टाकलेली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, घरी मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या द्रावणाचे) थेंब किंवा सरळ उकळणं पुरतं. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्यावं, तुरटी फिरवावी, फडक्यातून गाळावं आणि मगच क्लोरीन घालावं. गाळातला जंतू क्लोरीनपासून वाचतो. पाण्याच्या तपासणीत ग्रामपंचायतीला धोक्याचं लाल कार्ड मिळालं असेल, तर का मिळालं हे विचारायचा हक्क आपला आहे.

विहीर मचूळ झाली असेल तर फडकं, कॅन्डल, वाळू यांवर पैसे घालू नयेत. पंप बंद करून कळशीने शेंदावं, उपसा थोडा थोडा आणि वेळेच्या अंतराने करावा, छपराचं पाणी विहिरीत सोडण्याआधी ते वाळू-खडीच्या टाकीतून गाळून घ्यावं. दोन-तीन पावसाळ्यांत फरक पडू शकतो.

आणि एक विनंती. चिरेखाणीच्या ना हरकत दाखल्याचा अर्ज तुमच्या ग्रामसभेत आला, तर रॉयल्टी किती हे विचारण्याआधी तो सडा कोणत्या वाडीच्या, कोणत्या झऱ्याच्या आणि कोणत्या विहिरीच्या वर आहे, हे विचारा. उत्तर नकाशावर दाखवायला सांगा आणि ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.